वॉर्ड मोकळा करणे

ट्रॅम हॉस्पिटलच्या स्टॉपवर थांबलीच नाही. वेग कमी झाला, दाराशी उभी असलेली माणसं सवयीने अर्धं पाऊल पुढे सरकली, अनुराधाने बटणावर बोट ठेवलं, आणि ट्रॅम तशीच प्लॅटफॉर्मच्या कडेकडेने पुढे निघून गेली. काचेतून तिला रिकामा प्लॅटफॉर्म दिसला, त्यावर आडवी बांधलेली पट्टी, हातात कागदी कप घेतलेला एक सैनिक, तिच्या मुलीच्या, सियाच्याच वयाचा असेल, आणि त्याच्या मागे चौथ्या मजल्यावर तिच्या स्वतःच्या वॉर्डच्या खिडक्या. एका खिडकीत कुणीतरी पडदा अर्धाच ओढला होता. ड्रायव्हरने स्पीकरवरून सांगितलं की आजपासून हा स्टॉप पब्लिकसाठी बंद आहे, गैरसोयीबद्दल क्षमस्व. माणसं अर्धं पाऊल पुन्हा मागे सरकली. या देशातली माणसं रांगेत मध्येच घुसणाऱ्यावर चिडतात तेवढी युद्धावर चिडत नाहीत, हे अनुराधाला इतक्या वर्षांत नीट कळलं होतं, आणि तीही आता त्यांच्यातलीच झाली होती. बटणावरचं बोट तिने काढलं नाही. दार उघडणार नाही हे ठाऊक असूनही ती ते दाबत राहिली. आपल्याला आपल्याच दारासमोरून पुढे नेलं जातंय, असं तिला वाटलं, आणि नेणाऱ्याला आपण इथे उतरतो हे माहीतसुद्धा नाही.

पुढच्या स्टॉपवर उतरून ती मोठ्या रस्त्याच्या कडेने परत चालू लागली. ऑक्टोबर संपत आला होता. नॉटिंगहॅमची गूज फेअर या वर्षी भरली नव्हती. जत्रेच्या मैदानावर हिरवे तंबू होते आणि चौकात रक्तदानाची रांग होती. सव्वा वर्ष सरकार सांगत आलं होतं की समुद्रापलीकडचं हे युद्ध आपलं नाही. दोन मोठ्या बाजू एकमेकींना भाजून काढत होत्या आणि ब्रिटन या वेळी कुणाच्याच बाजूने नव्हतं. फक्त औषधं पाठवू, तीही दोघांनाही. मग औषधांच्या जहाजांना सोबत म्हणून फक्त आरमार. मग त्यातलं एक जहाज बुडालं, आणि एका रविवारी दुपारी, तिचा नवरा उदय कुकरच्या शिट्ट्या मोजत असताना, पंतप्रधानांनी टीव्हीवर सांगितलं की आता आपण युद्धात आहोत. उदयने गॅस बंद केला आणि विचारलं, आता? अनुराधाने झाकण उघडून भात झालाय का बघितलं. खरं सांगायचं तर सव्वा वर्ष तिला या देशाबद्दल मनातून आपुलकी वाटत होती, पहिल्यांदाच. साताऱ्याला तिच्या माहेरी शेजारी भांडण लागलं की वडील उठून खिडकी लावून घ्यायचे, आणि मग ज्याच्या त्याच्याशी दुसऱ्या दिवशी गोड बोलायचे. अध्यात ना मध्यात. तिनेही तसंच केलं होतं. युरोपात राहायचं की नाही यावर देशभर मतदान झालं तेव्हा तिची ऑन-कॉल ड्यूटी होती, आणि ती तिने मागून घेतली होती. ज्युनियर डॉक्टरांचा संप झाला तेव्हा तिने दोन्ही बाजूंना बिस्किटं नेऊन दिली. लेस्टरला शिकणाऱ्या सियाने युद्धविरोधी मोर्चातून फोन केला होता. "आई, तू कधीच काय म्हणत नाही. तू कुठली साइड आहे?" अनुराधाने विचारलं होतं, टोपी घातलीस का. मुलीने फोन ठेवून दिला.

आणि इथलं मराठी मंडळ तर विचारूच नका. मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर सव्वा वर्ष राजकारणाला बंदी होती. कुणी बातमी टाकली की अॅडमिन शशी हात जोडल्याचं चित्र टाकून ती पुसायला लावायचा. युद्ध जाहीर झालं त्या संध्याकाळी त्याच शशीने डीपीला झेंडा लावला. दिवाळीच्या कार्यक्रमाचा हॉल कौन्सिलने गोदामासाठी घेतला, तर मंडळाने फराळाची पाकिटं सैनिकांना पाठवायचं ठरवलं, आणि मग चिवड्यात शेंगदाणे घालावेत का, कुणाला अॅलर्जी असली तर, यावर दोन दिवस युद्धाहून मोठी लढाई झाली. कोण किती पाकिटं देणार, कुणाकडे किती खोल्या रिकाम्या आहेत, रक्त कुणी दिलं आणि कुणाचं लोह कमी निघालं, सगळं ग्रुपवर. अनुराधाने प्रत्येक मेसेजला अंगठा दाखवला होता. अंगठा दाखवायला मत लागत नाही.

वॉर्डवर तिची वाट बघत हेलन उभी होती. हेलन वॉर्ड मॅनेजर. वीस वर्षांची ओळख, आणि या वीस वर्षांत अनुराधाने तिला खुर्चीत बसलेलं क्वचितच पाहिलं होतं. वॉर्ड म्हाताऱ्या माणसांचा. पडलेली, कफ झालेली, विसरलेली माणसं. वरून आलेला हुकूम हेलनने एका दमात सांगितला: शुक्रवारी दुपारपर्यंत वॉर्ड मोकळा करायचा, जखमी सैनिक येणार आहेत. प्रत्येक पेशंटसाठी तीनच रस्ते. पेशंट स्वतः म्हणाला की माझं मी घरी निभावीन, तर घरी. नाही म्हणाला, तर स्केगनेसला, समुद्रकाठच्या हॉटेलांत, जिथे हिवाळ्यात एरवी कुत्रं फिरकत नाही आणि जिथे आता तिसऱ्या मजल्यांवर खाटा टाकल्या होत्या आणि नर्सेस अजून शोधत होते. किंवा मग कुणी ओळखीचं माणूस आपल्या घरी नेत असेल, तर तिथे. प्रत्येकाला कन्सल्टंटने, म्हणजे अनुराधाने, स्वतः विचारायचं. "They want it to be the patient's choice," हेलन म्हणाली, आणि चष्मा काढून पुसत बसली, खरोखरच बसली.

हा सगळा बुधवार अनुराधा विचारत फिरली. मिस्टर हॉजेस घरी जाऊ म्हणाले कारण त्यांना मांजराची काळजी होती. मांजर मेल्याला चार वर्षं झाली होती, म्हणून त्यांना स्केगनेस. एका बाईंनी विचारलं, हॉटेलात समुद्राकडची खोली मिळेल का. असं एकेका खाटेपाशी थांबत ती खिडकीकडच्या कोपऱ्याकडे सरकत होती, आणि जितकी सरकत होती तितका तिचा वेग कमी होत होता. कारण त्या कोपऱ्यात मीनाक्षीकाकू होत्या. न्यूमोनियातून उठलेल्या, हाडांचा सापळा झालेल्या, फ्रेम धरून संडासापर्यंत जाऊन येणाऱ्या, आणि तेवढ्यावर नातेवाइकांनी वाहवा करावी अशा चेहऱ्याने परत खाटेवर बसणाऱ्या. नातेवाईक म्हणजे एक मुलगा, कुश, ऑस्ट्रेलियात पर्थला. विमानं बंद. तो व्हिडिओवर म्हणाला होता, "अनु, यू नो बेस्ट. तू ठरवशील ते." जो तो अनुराधाने ठरवावं म्हणत होता आणि ठरवण्यासारखं तिच्या हातात कुणी काही ठेवत नव्हतं. काकूंचं घर बीस्टनला, संडास वर, मध्ये उभा जिना. घरी मदतीला येणाऱ्या केअररना निम्म्याहून जास्त हॉस्पिटलांनी ओढून घेतलं होतं. दिवसातून चारदा यायचं ते माणूस आता एकदा येणार होतं, आलं तर.

नॉटिंगहॅमला ती नवी आली तेव्हा उदयला आठवड्यातले पाच दिवस हॉस्पिटलातच झोपावं लागे, आणि हॉस्पिटलच्या क्वार्टरमधली ती खोली इतकी थंड असायची की ती कोट घालून स्वयंपाक करायची. मंडळाच्या कुणीतरी काकूंना सांगितलं असावं. काकूंचे यजमान डॉक्टर चांदोरकर तेव्हा हयात होते, मॅन्सफिल्डला भूल द्यायचे. गाडी तेच चालवायचे आणि बोलणं काकूंकडे. काकूंनी तिला घरी नेलं, गरम पाण्याच्या टाकीच्या कपाटात टॉवेलांच्या मध्ये मोड यायला ठेवलेली मटकी दाखवली, आणि म्हणाल्या, इथलं ऊन हे, ह्यावर भागवायचं. त्याच आठवड्यात ती आणि उदय एका इंग्रज कन्सल्टंटकडे जेवायला गेली होती. यजमानीणबाईंनी विचारलं, आणखी घेणार का, अनुराधा रीतीप्रमाणे नको म्हणाली, आणि बाईंनी भांडं उचलून आत नेलं. उपाशी परत आली. हे ऐकून काकू डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या होत्या आणि तिच्या पानात न विचारता तिसरं थालीपीठ पडलं होतं. त्यांचं म्हणणं असं, की पहिलं नको तोंडातलं असतं, दुसरं रीतीतलं, पोटातलं काय ते तिसऱ्यांदा विचारल्यावर कळतं. आणि ज्याला तिसऱ्यांदा विचारायचा कंटाळा त्याने माणसं बोलवू नयेत. अनुराधाच्या मनात आलं, हा देशही तसाच, सव्वा वर्ष नको नको म्हणत पाटावर बसून होता, आणि शेवटी वाढून घेतलं. मग असलं सुचल्याची तिला लाज वाटली, कारण काकू समोरून बघत होत्या आणि त्यांच्या खाटेच्या पायाशी ती कितीतरी वेळ नुसतीच उभी होती.

तिने इंग्रजीत विचारलं. ठरवून विचारलं असं तिला नंतर म्हणवेना, पण चुकून विचारलं असंही नव्हतं. दिवसभर तेच वाक्य तोंडात होतं, हेलन शेजारी उभी होती, आणि वाक्य तयार होतं. "Mrs Chandorkar, do you feel you could manage at home?" काकूंनी तिच्याकडे पाहिलं. आजवर एकदाही अनुराधा त्यांच्याशी इंग्रजीत बोललेली नव्हती. नर्सेससमोरसुद्धा नाही, उलट नर्सेससमोर दोघी मुद्दाम मराठीत बोलायच्या आणि हसायच्या. काकूंनी पांघरुणावरची सुरकुती हाताने सपाट केली. "Of course, doctor," त्या म्हणाल्या. "I will manage. No trouble." त्यांचं इंग्रजी चांगलं होतं, पोस्टातल्या काउंटरवर नोकरी केलेल्या बाईचं. हेलनने "Bless her" म्हणून खूण केली आणि दोघी पुढच्या खाटेकडे वळल्या. या वॉर्डात त्या “No trouble”मधलं नको कितव्यांदाचं आहे हे ओळखणारं एकच माणूस होतं, आणि ते पुढच्या खाटेवरच्या बाईंची नाडी बघत होतं.

घरी येईपर्यंत तिने ठरवलं होतं. म्हणजे ठरवलं होतं असं तिला वाटत होतं. त्यांच्या घरात खाली एक खोली होती, उदयच्या वडिलांसाठी बांधून घेतलेली, शेजारीच संडास-बाथरूम, भिंतीला धरायला दांडे. सासरे गेल्यावर तिथे इस्त्रीचं टेबल आणि सियाची पुस्तकं होती. तिसरा रस्ता तिच्याच घरात होता. ओव्हनमध्ये बटाटे होते. उदय जेवणाची ताटं मांडत होता. त्याची जीपी प्रॅक्टिस आता रविवारीही उघडी असायची आणि तो थकल्यावर जास्त उत्साही दिसायचा. त्याने सांगितलं की खालची खोली त्याने कौन्सिलच्या साइटवर रजिस्टर केली, आर्मीचे दोन डॉक्टर रविवारी राहायला येतील.

"विचारायचंस तरी मला," अनुराधा म्हणाली.

"अगं, शशीने तर तीन खोल्या दिल्या. आपली एवढी छान खोली नुसती पडून आहे. आणि तुला प्रॉब्लेम असेल तर शुक्रवारी बारापर्यंत कॅन्सल होतं. एक फोन केला की झालं. आहे का प्रॉब्लेम?"

आता सांगायचं होतं. मीनाक्षीकाकू, एवढंच म्हणायचं होतं. उदयने त्या क्षणी फोन उचलला असता, तो तसा माणूस होता. पण मग पुढचं तिला सगळं एकदम दिसलं. सकाळी सातला निघायचं, रात्री नऊला यायचं, आणि त्यामध्ये काकूंना कोण उठवणार, कोण धुणार, त्या पडल्या तर, कफ पुन्हा झाला तर, मेल्या तर आपल्याच घरात, आपल्याच हातांखाली, आणि कुशला व्हिडिओवर कुणी सांगायचं. दिवसभर म्हातारी माणसं आणि घरी आल्यावर पुन्हा म्हातारं माणूस. सासऱ्यांची ती तीन वर्षं. त्या खोलीच्या दाराशी उभं राहून श्वास चालू आहे का ऐकणं. तिने ओव्हनचं दार उघडलं आणि पुन्हा लावलं. "नाही," ती म्हणाली. "प्रॉब्लेम काही नाही." उदय खूश झाला आणि त्याने ग्रुपवर टाकलं. तिने तिथेही अंगठा दाखवला.

गुरुवारी ती त्या कोपऱ्याकडे फिरकली नाही. हाताखालच्या डॉक्टरला, रजिस्ट्रारला, पाठवलं. तो येऊन सांगून गेला की मिसेस चांदोरकर खूप चिअरफुल आहेत, फिजिओने जिन्याचं विचारलं तर म्हणाल्या, रोज चढते. फिजिओला दिवसात तीन वॉर्ड मोकळे करायचे होते. तिने रोज चढते असं ऐकलं आणि पुढे गेली. अनुराधाने मान हलवली. वॉर्डात दर तासाला एक खाट रिकामी होत होती, गाद्या पुसल्याचा क्लोरीनचा वास घशाशी बसत होता, आणि खाली अँब्युलन्सच्या रस्त्यावर माणसं नवीन दिवे लावत होती. तिला सारखं वाटत होतं की कुणीतरी येऊन म्हणेल, डॉक्टर, हे चाललंय ते बरोबर नाही, थांबवा. मग लक्षात यायचं की असं म्हणायला ज्याने यायचं ते माणूस वॉर्डात आधीच हजर आहे, आणि ते सह्या करतंय.

शुक्रवारी अकराच्या पुढे काकूंना न्यायला ट्रान्सपोर्टवाला आला. अनुराधा कॉरिडॉरच्या टोकाला होती. तिने पाहिलं की त्यांना चाकांच्या खुर्चीत बसवलंय, निळा कोट, डोक्याला स्कार्फ, मांडीवर औषधांची कागदी पिशवी; केस त्यांनी स्वतः विंचरले असावेत, मागून राहून गेले होते. ती जवळजवळ धावत गेली. खुर्चीसमोर गुडघ्यांवर बसली आणि मराठीत बोलली, भरभर, कुणी अडवेल अशा घाईने. "काकू, घरी नका जाऊ. माझ्याकडे चला."

"नको गं," काकू म्हणाल्या. "तुझी कामं काय थोडी आहेत?"

"खालची खोली आहे. संडास शेजारीच. तुम्ही पाहिलीय ना? चला."

"नको म्हटलं ना. उदयला कशाला त्रास."

अनुराधाला रडू येत होतं, आणि रडू येतंय याचं तिला बरंही वाटत होतं. आपण विचारतोय. आपण दोनदा विचारलंय. कोटाचं वरचं बटण उघडं होतं, ते लावायला तिने हात पुढे केला आणि तिसऱ्यांदा म्हणाली, "मी मनापासून सांगतेय काकू. माझ्याकडे चला."

काकू जरा वेळ तिच्या हाताकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "बरं. येते." आणि आवाज खाली करून, "तो जिना मला नाही गं चढवत, अनु. मी त्या पोरीला खोटं सांगितलं. रात्री मला फार भीती वाटते."

बारा वाजायला अवकाश होता. फोन खिशात होता. अनुराधाचा हात खिशात गेला, फोन बोटांना लागला, गार आणि चपटा, आणि हात तिथेच राहिला. तिला कळलं की तिसऱ्यांदा विचारताना तिने नको हेच उत्तर गृहीत धरलं होतं. ते घेऊन घरी जायचं होतं, जन्मभर जवळ ठेवायचं होतं. काहीतरी बोलायला हवं होतं. ट्रान्सपोर्टवाला घड्याळाकडे बघत होता. हेलन लांबून ओरडून सांगत होती की पहिल्या गाड्या रिंग रोडवर आल्यात. आणि काकू तिच्या तोंडाकडे बघत होत्या. पंगतीत कुणाचं पोट भरलंय, कोण नुसतंच बसलंय, हे चेहऱ्यावरून ओळखण्यात त्या बाईचा जन्म गेला होता. त्यांना वेळ लागला नाही.

"अगं, थट्टा केली," काकू म्हणाल्या. बटण त्यांनी स्वतःच लावलं, दोन-तीनदा सुटलं तरी लावलं. "माझं घर असताना तुझ्याकडे कशाला? ऊठ. तुझी माणसं यायचीत."

"संध्याकाळी फोन करते," अनुराधा म्हणाली.

"कर," काकू म्हणाल्या, आणि पिशवी नीट मांडीवर घेतली. ट्रान्सपोर्टवाल्याने खुर्चीचा ब्रेक काढला आणि ती लिफ्टकडे वळवली. मागच्या न विंचरलेल्या केसांवरून स्कार्फ थोडा सरकला होता. लिफ्टची दारं बंद झाली, आणि अनुराधाला, लाज वाटायच्या आधी, हायसं वाटलं.